खासगी आणि निनावी: शनिवारच्या टेबलावर येणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं एक टेबल मांडून बसतो. लोक फोन घेऊन येतात, अडचण सांगतात, आम्ही जमेल तेवढी सोडवतो. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहून काढायचं ठरवलं. काही समोर बसून विचारलेले आहेत, काही दाराजवळच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांतून आलेले.

खासगी राहणं आणि निनावी राहणं, यात फरक काय?

जुन्या टपालाकडे बघा. बंद पाकिटात पत्र घातलं आणि मागे स्वतःचं नाव-पत्ता लिहिला, तर पत्र खासगी आहे पण निनावी नाही. कोणी कोणाला लिहिलं ते पोस्टमनला दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. याउलट बिननावाचं पोस्टकार्ड टाकलं तर मजकूर वाटेत कोणीही वाचावा, लिहिणारा कोण ते मात्र कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅप पहिल्या प्रकारात येतं, टोपणनावाने केलेली जाहीर पोस्ट दुसऱ्या.

दोन्ही एकदम हवं असेल तर कष्ट फार वाढतात. म्हणून आम्ही आधी उलटा प्रश्न विचारतो: कोणापासून लपायचंय? जाहिरातवाल्यांपासून, चोरापासून, ऑफिसातल्या साहेबांपासून, घरातल्या माणसापासून, की सरकारपासून? औषध दर वेळी वेगळं असतं. हे न ठरवता लोक व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) विकत घेतात आणि आधारची झेरॉक्स मात्र हसत हसत देऊन येतात.

माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग मी कशाला काळजी करू?

ठीक. घरातल्या मुलाचा किंवा मुलीचा लग्नाचा बायोडाटा काढा आणि परक्या माणसाच्या नजरेने वाचा. पूर्ण नाव, म्हणजे आपल्याकडच्या रीतीने त्यात वडिलांचं नाव आलंच. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. मामांचं आडनाव आणि गाव, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. शिक्षण, कंपनी, पगार, भाऊ काय करतो, शेती किती एकर, फ्लॅट कुठे, राहता पत्ता, वडिलांचा मोबाइल. ओळख पटवायला फोनवर जे जे विचारतात ते सगळं एका पानावर, गणपतीच्या चित्राखाली. हे पान मावशीने वधू-वरांच्या ग्रुपवर टाकलेलं असतं, तिथून ते आणखी चार ग्रुपांत जातं. पोरगी दोन मुलांची आई झाली तरी पान फिरतच असतं.

आता दुसरी बाजू. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकर खात्याकडून येणाऱ्या बऱ्याच कागदांचा पासवर्ड म्हणजे पॅन नंबर आणि जन्मतारीख. कुलूप लावलेलं आहे खरं, पण पहिल्याची पूर्ण आणि दुसऱ्याची अर्धी किल्ली बायोडाट्यावर छापलेली.

पहिल्या फेरीला नाव, जन्मसाल, शिक्षण, तालुका आणि एक संपर्क नंबर इतकं पुरतं. पत्रिका, पत्ता आणि एकर बोलणी पुढे सरकल्यावर द्या. हे ऐकून एका आजींनी विचारलं होतं, "मग स्थळं यायची कशी?" आली. नातीचं लग्न झालं.

आधारची झेरॉक्स सगळीकडे मागतात. द्यावी की नाही?

जिथे कायद्याने लागते तिथे द्यावीच लागते. पण लॉजवाला, सोसायटीचा वॉचमन, जिमवाला, भाड्याने सायकल देणारा, यांना तुमचा बारा आकडी नंबर कशाला? यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार फुकट उतरवता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. शिवाय सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी काढता येतो, जो हवा तेव्हा बदलता येतो. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र दाखवून काम होत असेल तर आधार खिशातून काढूच नका.

२७ मे २०२२ रोजी यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, मास्क्ड आधार द्या, अशी सूचना काढली होती. दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली, कारण लोक चुकीचा अर्थ काढतील. आमच्या मते सूचना बरोबर होती आणि अर्थही लोकांनी बरोबरच काढला होता.

झेरॉक्स देणं टळतच नसेल तर तिच्यावर पेनाने आडवं लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख. फोटोवरून आणि नंबरच्या कडेवरून अक्षरं गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलं तर कोपरा कापला जातो.

आणखी एक, फार कमी लोक करतात असं काम: बायोमेट्रिक लॉक. जमीन-नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून, आधारवर चालणाऱ्या यंत्रातून खात्यातले पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. त्यात ओटीपी लागतच नाही, म्हणून माणसाला पत्ता लागतो तो पासबुक भरल्यावर. यूआयडीएआयच्या अधिकृत अ‍ॅपमधून अंगठा लॉक करता येतो आणि रेशन वगैरे कामापुरता उघडता येतो.

प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो. त्यात काय बिघडलं?

एका जून महिन्यात, अ‍ॅडमिशनच्या गर्दीत, मी पण रांगेत उभा होतो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, नंबरवर टाका, लगेच काढतो." कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडंच होतं. माझी फाइल सापडेना म्हणून त्याने डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि माउस खाली ओढत गेला. आधार, पॅन, कोणाचा तरी कॅन्सल केलेला चेक, जातीचा दाखला, सोनोग्राफीचा रिपोर्ट, पुन्हा आधार. नावं सहज वाचता येत होती. माझ्या मागच्या बाईंनी एक नाव मोठ्याने वाचलंही, "अगंबाई, ही तर आमच्या बिल्डिंगमधली!" सोनोग्राफीचा रिपोर्ट त्याच नावाचा होता.

पोरगा वाईट नव्हता. फाइल पुसायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि गर्दीच्या दिवसांत ते सुचणार कधी?

तुम्ही तुमच्या फोनवरून 'सर्वांसाठी डिलीट' केलंत तर चॅटमधली फाइल जाते, त्याच्या कॉम्प्युटरवर उतरलेली जात नाही. म्हणून प्रिंट हातात आली की तिथेच म्हणायचं, "दादा, आता फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही." अवघड वाटतं, पण दोनदा म्हटलं की सवय होते. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीने वर्गणी काढून क्लब हाउसमध्ये साधा प्रिंटर ठेवलाय. तो उपाय आम्हाला सगळ्यांत आवडला.

इन्कॉग्निटो लावलं की कोणाला काही दिसत नाही ना?

इन्कॉग्निटो म्हणजे ब्राउझरची, फोनमध्ये इतिहास न ठेवणारी खिडकी. त्याच फोनवर नंतर बसणाऱ्याला दिसत नाही, एवढंच. इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला आणि तुम्ही गेलात त्या साइटला दिसतं. अमेरिकेत याच गैरसमजावरून २०२० मध्ये गूगलवर दावा लागला होता. २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोत असलेल्या लोकांच्या ब्राउझिंगच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. नोंदी होत्या म्हणून तर नष्ट करायच्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी काय लिहितो ते कंपनी वाचते का?

मजकूर वाचता येत नाही. एप्रिल २०१६ पासून तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मजकूर फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात हे पाकिटाच्या बाहेरचं लिखाण आहे आणि ते कंपनीला दिसतं. रात्री दोन वाजता डॉक्टरला तीन फोन आणि सकाळी विमा एजंटाला एक, एवढ्यावरून बरंच समजतं.

खरी गळती बहुधा दुसरीकडे असते. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर उघडा जातो. २०२१ पासून बॅकअपलाही कुलूप लावायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. दुसरी गळती ग्रुपची. एकदा ग्रुपात आलात की तिथल्या अनोळखी सदस्यांना तुमचा नंबर दिसतो. 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे 'फक्त माझे संपर्क' असं करून ठेवा. तिसरीला इलाज नाही: समोरचा स्क्रीनशॉट काढतो.

नंबर न देता बोलायचं असेल तर सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर २०२४ पासून युजरनेम घेता येतं. खातं उघडायला नंबर लागतोच, पण समोरच्याला तो दिसत नाही.

व्हीपीएन घेतलं की मी निनावी झालो का?

नाही. आतापर्यंत इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, म्हणजे विश्वास एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला. फुकटचं व्हीपीएन असेल तर ते कशावर चालतं याचा विचार करा. शिवाय व्हीपीएन लावून स्वतःच्या गूगल खात्यात शिरलात, तर बुरखा घालून दारावरच्या वहीत सही केल्यासारखं होतं.

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. मात्र २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा क्रमांक) अशी माहिती पाच वर्षं जपायला सांगितली. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या उघड्या वाय-फायवर व्हीपीएनचा थोडा उपयोग आहे. त्यापलीकडे त्याच्या जाहिराती जेवढं सांगतात तेवढं ते देत नाही.

मग टॉर?

टॉर हे स्वतःच्या ब्राउझरमधून वापरायचं जाळं आहे, आणि ते खरं निनावीपणासाठीच बनवलेलं आहे. मूळ कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. तुमची मागणी कांद्यासारखी थरांत गुंडाळून तीन थांब्यांतून जाते, प्रत्येक थांब्यावर एक पापुद्रा सुटतो. पहिल्या थांब्याला तुम्ही कोण ते माहीत असतं पण कुठे चाललात ते नाही. शेवटच्याला कुठे चाललात ते कळतं पण कोण ते नाही. वेग मंद असतो, बऱ्याच साइटी अडवतात, बँकेचं काम तर त्यावर करूच नका.

आणि टॉरसुद्धा माणसाचा गाढवपणा झाकत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्ब ठेवल्याचा खोटा ईमेल टॉरवरून पाठवला. ईमेलवरून काही कळत नव्हतं. पण तपास करणाऱ्यांनी विद्यापीठाच्याच वाय-फायवर त्या सुमारास टॉर कोण वापरत होतं ते पाहिलं, आणि त्याने कबुली दिली. सगळ्या गावात एकट्यानेच तोंड बांधलं तर लोक त्याच्याकडेच बघणार.

नाव खोडलं, नंबर झाकला, की माहिती निनावी होते ना?

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधकांसाठी, सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलं त्याच्या नोंदी जाहीर केल्या. नावं काढून प्रत्येकाला एकेक क्रमांक दिला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी ४४१७७४९ हा क्रमांक उचलला, त्या माणसाने काय काय शोधलं ते वाचलं आणि जॉर्जिया राज्यातल्या एका वयस्क बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी आपल्या गावातले माळी शोधले होते, आपल्या आडनावाचे लोक शोधले होते, कुत्र्याची तक्रार शोधली होती. माणूस असा तुकड्यातुकड्यांतून ओळखू येतो.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणी "बी विंगमधल्या एका सदस्याने तीन महिने मेन्टेनन्स भरलेला नाही" असं लिहितं. नाव कुठे घेतलंय? पण सगळ्यांना कळतं.

फोटो टाकताना काय बघायचं?

दोन गोष्टी. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही नोंदलेलं असतं. डिसेंबर २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून पळालेल्या, अँटीव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफी यांचा ठावठिकाणा एका मासिकाने छापलेल्या फोटोतल्या अशाच नोंदीतून फुटला, ते ग्वाटेमालात होते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते.

दुसरी गोष्ट चित्रातच असते: गाडीचा नंबर, मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी. नव्या घराच्या किल्लीचा फोटो तर कृपा करून टाकू नका. किल्लीचे दात मोजता येतात.

टोपणनावाने अकाउंट काढणं गुन्हा आहे का?

नुसतं टोपणनाव घेणं हा गुन्हा नाही. दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव-फोटो घेऊन फसवणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी आणि ६६डी कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टोपणनावाची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने लिहिणारे गोपाळ हरी देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते.

पण हे लक्षात ठेवा: टोपणनाव शेजाऱ्यापासून लपवतं, तपासयंत्रणेपासून नाही. खातं ज्या नंबरावर उघडलं तो नंबर तुमच्या कागदपत्रांवर घेतलेला आहे, आणि आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीकडे विचारणा करता येते.

(चिठ्ठी) घरातलंच माणूस माझा फोन बघतं असा संशय आहे. काय करू?

हा प्रश्न आम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो, आणि जवळजवळ नेहमी चिठ्ठीतून. पहिली गोष्ट: घाईने काही पुसू नका. पाळत ठेवणाऱ्याला ती बंद झाल्याचं लगेच कळतं, आणि घरात वातावरण तापलेलं असेल तर धोका त्याच क्षणी वाढतो. मदत शोधायला, फोन करायला, हा मजकूर वाचायलासुद्धा शक्यतो मैत्रिणीचा किंवा ऑफिसचा फोन वापरा.

बघायचं कुठे, तर बहुतेक वेळा हेरगिरीचं काही भारी अ‍ॅप नसतंच. फोन घेतला तेव्हा नवऱ्याने किंवा भावाने स्वतःच गूगल खातं उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये एखादा अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसतो. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग कधीतरी चालू केलेलं असतं आणि तसंच राहतं. हे तीन आधी पाहा. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' या ठिकाणी न ओळखीचं अ‍ॅप आहे का ते बघा.

नवं ईमेल खातं दुसऱ्या फोनवरून उघडा, जुन्या नंबरशी न जोडता. महत्त्वाचे कागद तिकडे पाठवून ठेवा. मारहाणीची भीती असेल तर ११२, महिलांसाठी १८१. आमच्या टेबलावर एकट्या आलात तर आम्ही विचारत नाही की कोण बघतं.

यूपीआयने पैसे दिले की दुकानदाराला काय दिसतं?

बँकेतलं नाव आणि यूपीआय आयडी. काही अ‍ॅप आयडीतच मोबाइल नंबर घालून देतात, म्हणजे दहा रुपयांच्या वडापावाबरोबर नंबरही दिला. अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी करता येतो. रिक्षा, टपरी यांसाठी रोख अजून चालते.

माझ्या नावावर भलतंच कोणी सिम घेतलंय का, कसं कळेल?

दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. सर्वसाधारण मर्यादा नऊ सिमांची आहे. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. आमच्या टेबलावर एका शिक्षकांच्या नावावर सहा निघाले, त्यांतले दोनच त्यांचे.

कायदा माझ्या बाजूने आहे का?

तत्त्वतः हो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. सरकारी यंत्रणांना त्यात बऱ्यापैकी सूट आहे, हे आम्हाला खटकतं.

आणि काही माहिती कायद्यानेच उघडी असते. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. सातबारा महाभूलेखवर दिसतो. ते झाकता येत नाही. म्हणून त्यातलं काहीही पासवर्ड किंवा सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरू नका. आईचं माहेरचं आडनाव विचारलं तर खोटं उत्तर द्या, फक्त ते डायरीत लिहून ठेवा.

माहिती आधीच सगळीकडे गेली आहे. परत घेता येते का?

थोडी. पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन, ताबडतोब. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. खासगी क्षणांचे फोटो पसरवायची धमकी असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. स्टॉप-एनसीआयआय या सेवेत फोटो तुमच्या फोनबाहेर न जाता त्याचा फक्त आकडी ठसा घेतला जातो आणि सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे अडवतात. गूगलच्या शोधात तुमचा पत्ता किंवा नंबर येत असेल तर तो काढायची विनंती करता येते. मूळ पान मात्र तिथेच राहतं. बायोडाटा परत येत नाही.

प्रश्न विचारताना नाव लिहावं लागतं का?

नाही. पेटी दाराजवळ आहे, चिठ्ठी टाका. मात्र चिठ्ठी शक्यतो टाइप करून आणा. गेल्या पावसाळ्यात वाचन-कक्षातला पंखा कुरकुरतो अशी एक निनावी तक्रार आली होती. कागद उघडला, 'ळ' चा लांब वळसा दिसला आणि टेबलावरच्या आम्ही तिघांनी एकदमच नाव घेतलं.